दायमाबादची 'यज्ञवेदी' आणि इनामगांवचा 'कोट'

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही इनामगांव व दायमाबाद हीं दोन ताम्रपाषाणयुगीन स्थळें पाहून आलों. दोन्ही स्थळांचीं उत्खननें सुप्रसिद्ध आहेत आणि त्यांचे अहवाल छापून निघाल्यास चाळीस वर्षें होत आलीं. तेव्हां आमच्या या प्रवासांत कांहीं नवें सांपडलें असें सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. त्या स्थळीं निघालेल्या अवशेषांस मराठींत जीं नांवें पडलीं आहेत तीं त्यांस कितपत शोभतात, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. जुनी पोथी संपादतांना जो नियम आपण पाळतों तोच या मातीच्या पोथीसहि लागू करावा, असें आमचें म्हणणें आहे. तो न पाळल्यानें काय होतें याचा दाखला आम्हांस प्रथम आमच्याच वहींत मिळाला; म्हणून आरंभ तेथूनच करितों.

आमचें राहणें मुळशी तालुक्यांतील ताम्हिणीस असतें. पस्तीस वर्षें संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यावर आसमंतांतील जुनीं स्थानें पाहून टिपणें करण्याचा नाद आम्हांस लागला. गांवावरच्या रानांत एक वाटोळा खळगा आहे. कडेनें दगड लावलेले, आंतील माती भाजून तांबडी-काळी झालेली, वरचा पालापाचोळा दूर केला कीं हातभर राख. 'पांडवांचें यज्ञकुंड' म्हणून तो आम्हांस दाखविण्यांत आला. आम्हीं दोरीनें व्यास मोजला, दगडांतील एक फट बरोबर पूर्वेस आहे हें होकायंत्रावर पाहून घेतलें, आणि वहींत 'यज्ञकुंड, वृत्ताकार, पूर्वद्वार' अशी नोंद केली. पुढें दोन वर्षांनीं एका वृद्ध कातकऱ्यासह तेथून जाण्याचा योग आला. आम्हीं मोठ्या उत्साहानें तें स्थान दाखवितांच तो हंसूं लागला. "गुरुजी, ही कोळशाची भट्टी हाय. माझ्या बापानं लावलेली." लाकूड कसें रचीत, वरून पाला घालून मातीनें कसें लिंपीत, वारा आंत जाण्यास फट कोणत्या अंगास ठेवीत, हें सर्व त्यानें समजावून दिलें. आमचीं मापें बरोबर होतीं. दिशाहि बरोबर होती. चुकलें होतें तें केवळ नांव. परंतु तें एक चुकतांच वाऱ्याची फट आमच्या दृष्टीस पूर्वद्वार झाली होती!

त्या रात्रीं आम्हांस आणखी एक गोष्ट आठवली. दायमाबाद येथें साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या यज्ञवेद्या निघाल्या आहेत, असें आम्ही वर्गांत कित्येक वर्षें अभिमानानें सांगत आलों होतों. तो दाखला एका मराठी पुस्तकांतून उचललेला होता. मूळ अहवाल आम्हीं उघडला देखील नव्हता. वर्गांतील जीं मुलें आतां स्वतः शिक्षक झालीं आहेत, तीं तो दाखला पुढें देत असतील. म्हणून आधीं अहवाल वाचले, आणि मग स्थळें पाहावयास निघालों.

ताम्हिणीहून या स्थळांस जाणें म्हणजे पावसाकडून अवर्षणाकडे जाणें होय. आमच्या घाटांत कित्येक वर्षीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. शिरुराकडे पांचशें पडला तर कुणबी समाधान मानतो. महाराष्ट्राचा पहिला शेतकरी मात्र त्या कोरड्या अंगासच राहिला. तापी, गोदावरी, प्रवरा, भीमा यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनींत त्याच्या वस्त्या शेंकड्यांनीं सांपडतात. कोंकणच्या किनारपट्टींत ही संस्कृति पोंचली नाहीं. तिला 'जोर्वे' हें नांव मिळालें तें संगमनेराजवळील जोर्वे या गांवावरून. तेथें सांकलिया व देव यांनीं १९५०-५१ सालीं उत्खनन केलें होतें. हें नांव आम्हांस आदर्श वाटतें. तें गांवाचें नांव आहे, त्यांत कोणताहि सिद्धान्त दडलेला नाहीं, आणि उद्यां कांहींहि निघालें तरी तें खोटें ठरावयाचें नाहीं.

इनामगांव पुण्याच्या पूर्वेस ८० ते ९० किलोमीटरांवर, शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या उजव्या तीरावर आहे. जुनीं दप्तरें चाळणाऱ्या वाचकांस 'काळी' आणि 'पांढरी' हे शब्द सांगावयास नकोत. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. चुलीची राख, शेणमाती, पडक्या भिंती यांचे थरावर थर बसून जमीन पांढुरकी होते, आणि इनामगांवचीं टेकाडें म्हणजे तीन हजार वर्षांमागची पांढरीच होय. डेक्कन कॉलेजानें सांकलिया, ढवळीकर व अन्सारी यांच्या नेतृत्वाखालीं १९६८ पासून १९८३ पर्यंत येथें काम केलें, व १९८८ सालीं त्याचा विस्तृत अहवाल प्रसिद्ध झाला. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास माळवा संस्कृतीचे लोक येथें आले. १४०० ते १००० हा पूर्व जोर्वे काल, आणि १००० ते ७०० हा उत्तर जोर्वे काल. पूर्वकालांत ऐसपैस चौकोनी घरें होतीं. उत्तरकालांत पाऊसमान घटलें, घरें जाऊन वाटोळ्या झोंपड्या आल्या, आणि शेवटीं वस्तीच उठली. आज तेथें उभें राहिलें असतां डोळ्यांस दिसतें तें एवढेंच : ज्वारीचें शेत, बुजलेले खड्डे, आणि पायांखालीं काळ्या रेघांचीं तांबडीं खापरें. एक उचलून दुसऱ्यावर वाजविलें कीं धातूसारखा नाद येतो. आम्हीं तें पुन्हां जेथल्या तेथें ठेविलें.

पूर्व जोर्वे कालीं या लोकांनीं वस्तीच्या कडेला दगडमातीची एक भक्कम भिंत घातली होती; लांबी सुमारें २४० मीटर, रुंदी सव्वादोन मीटरांच्या आसपास. तिच्याशीं निगडित असा एक खोदलेला पाट निघाला आहे; तो सुमारें २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल. मराठी लेखांतून या भिंतीस कधीं 'बांध', कधीं 'तटबंदी', आणि कोणाच्या लेखणीस अधिक जोर आला तर 'कोट' म्हणतात. मग पाटाचा 'खंदक' होण्यास उशीर लागत नाहीं. 'कोट' म्हटलें कीं आपल्यासारख्या वाचकाच्या मनांत पुरंदर उभा राहतो, बुरूज उभे राहतात, आणि त्यापाठोपाठ एक शत्रु हवासा वाटूं लागतो. तो शत्रु अहवालाच्या पानांतून निघत नाहीं, तर शब्दांतून निघतो. नदीकांठची वस्ती, तिला पुराचें भय, पुराचेंच पाणी वळवून शेतास देण्याची सोय, आणि त्या पाटाला जोडून बांधलेली भिंत, इतकें समोर असतां आम्हांस तरी येथें 'बांध' हाच पाठ ग्राह्य दिसतो. त्यानें त्या लोकांची थोरवी कमी होत नाहीं. दोनशें मीटर पाट खणावयास गांवांतील सगळे हात एकत्र यावे लागतात, आणि पाणी वांटून देणारा कोणी तरी मानकरी असावा लागतो. वस्तीच्या मध्यभागीं पांच खोल्यांचें एक मोठें घर व त्याशेजारीं धान्याचें कोठार निघालें आहे. त्यावरून तो मानकरी कोठें राहत असावा याचा तर्क उत्खनकांनीं केला आहे, व तो सयुक्तिक आहे. त्याच घराच्या अंगणांत चार पायांच्या एका मोठ्या मातीच्या रांजणांत एका प्रौढ पुरुषास मांडी घालून बसविलेलें आढळलें. इतर प्रौढांस उताणें पुरीत, आणि घोट्याखालीं पाय तोडीत. लहान मुलांस दोन मडक्यांचीं तोंडें जुळवून घराच्या भुईंतच पुरीत.

नांव कोठें शोभतें याचेंहि एक उदाहरण इनामगांवांतच आहे. एका घराच्या भुईखालीं मातीची झांकणाची पेटी निघाली. पेटींत डोकें नसलेली कच्च्या मातीची स्त्रीमूर्ति होती; झांकणावर डोकें असलेली दुसरी स्त्रीमूर्ति व एक बैल. शिरोहीन मूर्ति काडीच्या योगानें बैलाच्या पाठीवर बसवितां येते. येथें 'देवी' म्हणण्यास आमची हरकत नाहीं. मूर्ति बुद्ध्या घडविली, बुद्ध्या पेटींत ठेविली, बुद्ध्या पुरली. खेळणें कोणी असें पुरीत नाहीं. परंतु ही देवी म्हणजे आजच्या अमक्या गांवची तमकी, असें कोणी लिहिलें कीं आम्ही थबकतों. मधल्या तीन हजार वर्षांचा सांधा त्या लेखकानें दाखविला पाहिजे.

आतां दायमाबादकडे वळूं. हें ओसाड गांव पूर्वीच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, श्रीरामपूर तालुक्यांत प्रवरेच्या डाव्या तीरावर आहे. १९५८ सालीं बोपर्डीकरांनीं तें प्रथम उजेडांत आणलें. १९५८-५९ त म. न. देशपांडे यांनीं, १९७४ त एस. आर. राव यांनीं, आणि १९७५-७६ पासून १९७८-७९ पर्यंत साळी यांनीं तेथें खणलें. साळी यांचा ग्रंथ १९८६ सालीं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेंत निघाला. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा व जोर्वे अशा पांच संस्कृतींचे थर एकावर एक लावून दाखविणें हें त्यांचें कार्य चिरस्थायी आहे, आणि पुढील टीकेनें त्यास बाध येत नाहीं.

माळवा थरांत, म्हणजे इ. स. पूर्व १६०० ते १४०० या काळांत, साळी यांस वास्तूंचा एक समूह सांपडला. मातीचा ओटा, त्यावर निरनिराळ्या आकारांचीं अग्निस्थानें, त्यास लागून एका टोंकास अर्धवर्तुळाकार अशी वास्तु, आणि या सर्वांभोंवतीं भिंत. ती वास्तु म्हणजे मंदिर, व अग्निस्थानें म्हणजे 'फायर आल्टर', असा त्यांनीं अर्थ लावला. मराठींत येतांना 'फायर आल्टर'ची 'यज्ञवेदी' झाली. येथें एका शब्दाचा प्रवास लक्षांत घेण्यासारखा आहे. एगलिंग यांनीं शतपथब्राह्मणाचें इंग्रजी भाषांतर १८८२ ते १९०० च्या दरम्यान प्रसिद्ध केलें. त्यांत अग्निचयनांतील चितीस त्यांनीं हाच इंग्रजी शब्द योजला होता. वैदिक शब्दास जवळचा दुसरा इंग्रजी शब्द नसल्यामुळें तो योजला गेला. पुढें उत्खनकांनीं तो उचलून मातींतील भाजक्या खळग्यांस लाविला. आणि तेथून तो मराठींत परत आला तो 'वेदी' होऊन. म्हणजे आपणच परदेशीं पाठविलेला शब्द आपणांकडे पुरावा म्हणून परत आला! जो वाचक 'दायमाबादला वेदी सांपडली' असें वाचतो, त्यास या फेऱ्याची कल्पनाहि नसते.

शिवाय श्रौत परिभाषेंत वेदी म्हणजे अग्नीचें कुंड नव्हेच. पश्चिमेस वर्तुळाकार गार्हपत्य, पूर्वेस चौकोनी आहवनीय, दक्षिणेस अर्धवर्तुळाकार दक्षिणाग्नि. आणि गार्हपत्य व आहवनीय यांच्या मध्यें मोजून आंखलेली, कमरेशीं निमुळती, दर्भ पसरलेली भूमि ती वेदी. तीवर अग्नि पेटवीत नाहींत. तेथें हविर्द्रव्यें ठेवितात, व देवांनीं येऊन बसावें अशी तिची कल्पना आहे. तिन्ही अग्निस्थानांचे आकार निराळे असले तरी क्षेत्रफळ समान असावें, हा शुल्बसूत्रांचा कटाक्ष आहे. तेव्हां दायमाबादेस आकारांची विविधता आहे एवढ्यावरून श्रौताशीं नातें जोडतां येत नाहीं. तें जोडावयाचें तर तीन अग्नींची परस्पर दिशा, अंतरें, आणि क्षेत्रफळांचें साम्य हीं तिन्ही दाखवावीं लागतील. निरनिराळ्या आकारांच्या कुंडांची हौस ही फार पुढच्या काळांतील आहे. चतुरस्र, योनि, अर्धचंद्र, त्र्यस्र, वृत्त, षडस्र, पद्म, अष्टास्र अशीं आठ कुंडें आठ दिशांस मांडण्याचा विधि आपल्या संग्रहांतील कुंडमंडपविषयक पोथ्यांतून मिळतो. सतराव्या शतकांतील विट्ठल दीक्षितांची 'कुंडमंडपसिद्धि' अनेकांच्या दप्तरांत असेल. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें 'यज्ञवेदी' या शब्दानें उभें राहतें तें हें कुंड, आणि तेंच तो तीन हजार वर्षें मागें नेऊन ठेवितो.

याहून मोठी अडचण मंदिराची आहे. श्रौत यज्ञास देऊळ लागत नाहीं. प्रत्येक यज्ञास भूमि नव्यानें मोजावयाची, मंडप नव्यानें घालावयाचा, आणि कार्य संपल्यावर तें स्थान सोडून द्यावयाचें. केरळांत पांजाळ येथें १९७५ च्या एप्रिलांत अग्निचयन झालें, तेव्हां पांच थरांची, दर थरास दोनशें विटांची पक्ष्याच्या आकाराची चिति रचली होती, आणि शेवटीं मंडप जाळून टाकिला. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं साळी यांनीं दायमाबादेस कुदळ लाविली. देऊळ व यज्ञभूमि एका आवारांत कायमची, हें चित्र ब्राह्मणग्रंथांतलें नव्हे. तें आपल्या आजच्या देवस्थानांतलें आहे, जेथें सभामंडपापुढें होमकुंड असतें. आणि अर्धवर्तुळाकार टोंक हें देवळाचें लक्षण म्हणावें, तर तसें टोंक कार्ले-भाजे येथील बौद्ध चैत्यांसहि आहे, व तेरच्या त्रिविक्रमासहि आहे. परंतु हीं सर्व दायमाबादेनंतर हजार-बाराशें वर्षांनीं वा त्याहून उशिरां झालीं. लांकूड-गवताचें छप्पर घालतांना टोंक वाटोळें ठेवणें सोयीचें पडतें, आणि देवाच्या घरानें तो आकार माणसाच्या घरापासून घेतला असणें अगदीं शक्य आहे.

मग तेथें काय होतें? एवढें सारें खोडून आम्ही त्या ओट्यावर स्वयंपाकाची चूल मांडीत आहों असें कोणीं समजूं नये. निराळा ओटा, त्यावर एकाहून अधिक अग्निस्थानें, भोंवतीं भिंत. घरगुती चुलीस हा थाट लागत नाहीं. तेथें अग्नीस उद्देशून कांहीं तरी सामुदायिक कर्म होत असावें, हा साळी यांचा मुख्य तर्क आम्हांस मान्य आहे. तें कर्म वैदिक होतें, हा तर्क मान्य नाहीं. राजस्थानांत कालीबंगा येथील अग्निस्थानांविषयींहि हाच वाद झाला आहे, व तेथेंहि घोटाळा शब्दानेंच वाढविला. 'अग्निस्थान' हा शब्द आपल्यापाशीं आहे. तो खरा आहे, आणि राखेपेक्षां अधिक कांहीं सांगत नाहीं.

जोर्वे थरांत दायमाबादेस मातीच्या तटाच्या व बुरुजांच्या खुणा मिळाल्या आहेत. इनामगांवास आम्हीं 'बांध' हा पाठ घेतला, म्हणून येथेंहि तोच घ्यावा असें नाहीं. बांधाला बुरूज लागत नाहींत. परंतु मिळाल्या आहेत त्या खुणा. आणि नदीकांठच्या मातीच्या भिंतीस आधारासाठीं मधून मधून फुगवटे द्यावे लागतात, हें कोणीहि शेतकरी सांगेल. येथें 'तट' हा पाठ ठेवावा, पण त्याखालीं रेघ ओढावी.

ती रेघ कोणती हें सांगतों. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेतली व १९६६ सालीं पुरी केली. तींत जेथें संहितेचा पाठ निःशंक नव्हता तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ घातलेली आहे. सुकथनकरांनीं पाठ निवडण्याचें टाळलें नाहीं. निवडला, छापला, आणि शंका तेथल्या तेथें वाचकाच्या डोळ्यांपुढें ठेविली. उत्खननाच्या अहवालांत असें चिन्ह नाहीं. वर्णन आणि अर्थ एकाच वाक्यांत, एकाच ठशांत येतात. 'भाजलेला खळगा' व 'वेदी' हीं सारख्याच वजनानें छापलीं जातात. पोथीच्या बाबतींत संपादक चुकला तर दुसरा संपादक तीच पोथी पुन्हां उघडूं शकतो. उत्खनक ज्या पानाचें वाचन करितो तें पान वाचतां वाचतांच नष्ट होतें. दायमाबादचा तो ओटा आज आम्हांस पाहतां आला नाहीं, व कोणासहि पाहतां येणार नाहीं. त्याची एकच प्रत आतां शिल्लक आहे, ती म्हणजे साळी यांचें पुस्तक. म्हणून त्यांतील कोणतें अक्षर मातीचें आणि कोणतें साळी यांचें, हें वेगळें करून वाचणें आपल्यावर आलें आहे.

दायमाबादच्या सुप्रसिद्ध धातुमूर्तींविषयीं थोडक्यांत लिहितों. बैलांचा रथ, रेडा, हत्ती व गेंडा या चार मूर्ति १९७४ सालीं एका भिल्ल शेतकऱ्यास सांपडल्या, त्या शास्त्रीय खणतींत निघालेल्या नव्हेत. रथ ४५ सेंटिमीटर लांब आहे. त्यांतील उभ्या सारथ्याकडे पाहिलें कीं टीका सुचत नाहीं. बहुतेक विद्वान् त्या उत्तर हडप्पा काळांत घालतात, डी. पी. अग्रवाल यांनीं धातूंतील सोमलाचें प्रमाण एक टक्क्याहून अधिक असल्याचें दाखवून या कालनिर्णयावर शंका घेतली. पुष्पिका फाटलेल्या पोथीप्रमाणें त्या मोलाच्या आहेत, आणि पुष्पिका फाटलेल्या पोथीप्रमाणेंच त्यांवरून शक ठरवूं नये.

परत येतांना प्रवरेकांठीं एका टेकाडाच्या उतारावर ट्रॅक्टर लावून पांढरी भरून नेण्याचें काम चाललेलें दिसलें. चौकशी केली तेव्हां भरणाऱ्यानें सांगितलें कीं, ही माती शेतास चांगली, खताची गरज पडत नाहीं. त्याचें म्हणणें खोटें नाहीं. माणसांच्या पिढ्यान् पिढ्यांची राख व शेण तींत आहे. चाकाखालीं तोटीच्या भांड्याचा एक तुकडा चुरला गेला. आम्हीं त्यास खापर दाखविलें. "असलीं लई निघत्यात, बाबा," असें म्हणून त्यानें पुढची खेप भरली.

ताम्हिणीस आल्यावर वहींतील 'यज्ञकुंड' ही नोंद आम्हीं खोडली नाहीं. तिच्याखालीं नागमोडी रेघ ओढून समासांत 'कोळसाभट्टी, कातकरी माहितीवरून' असें लिहिलें आहे. १९७५ ते १९७९ या काळांत दायमाबादचे, किंवा १९६८ नंतर इनामगांवचे चर उघडे असतांना ज्या वाचकांनीं तीं स्थळें पाहिलीं असतील, त्यांजपाशीं त्या वेळचीं छायाचित्रें, हातानें काढलेलीं रेखाचित्रें किंवा रोजनिशींतील टिपणें असण्याचा संभव आहे. ओट्यावरील अग्निस्थानांचीं परस्पर अंतरें व दिशा ज्यांत दिसत असतील असें एखादें छायाचित्र मिळालें तर वरील चर्चेंतील निम्मे प्रश्न सुटतील. असे कागद कोणाकडे असल्यास त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाच्या दप्तरांत पाठवाव्या. मूळ प्रत आपणांपाशींच ठेवावी, आणि पाठीमागें दिनांक, चराचा अनुक्रम व आपण तेथें डोळ्यांनीं काय पाहिलें तेवढेंच लिहावें.